नौबादचा फोटो फोल्डर आणि येळवशीची भज्जी

इथले बाकीच्यांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसले आहे, हे आधीच सांगून टाकते. पिंपळाखाली उभी असलेली बाई, रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलेला म्हातारा... वाचायचं, नवऱ्याला दाखवायचं आणि दोघांनी मिळून खिदळायचं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं छातीठोकपणे म्हणणार नाही. मी हैदराबादला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. दसऱ्याला आमच्या सर्व्हर रूमच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात, ती दुसऱ्या दिवशी ओढून टाकणारी मीच. मशीन का बिघडतं? वायर सैल असते, सेटिंग चुकलेलं असतं, नाहीतर माणूस खोटं बोलत असतो. याच्या पलीकडे चौथं कारण मी मानत नव्हते.

तर खाली जे लिहिते आहे त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणाला घाम फुटणार नाही. पण मला त्याचं उत्तर सापडत नाही, आणि उत्तर सापडलं नाही की माझं डोकं फिरतं. कुणाला सुचलं तर कळवा. फक्त 'वायर चेक केली का' असं विचारू नका. केली होती.

बीदरला नौबादमध्ये मेन रोडवर माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. समोर काउंटरची खोली, मागे एक आतली खोली. मामाचं नाव शिवलिंगप्पा, पण सगळं नौबाद त्याला अण्णा म्हणायचं, म्हणून आम्ही भाचरंही अण्णा मामाच म्हणायचो. लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि त्याची एक पद्धत होती. तो कधीही 'स्माइल' म्हणायचा नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा, बोट बटनावर ठेवायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी विचारायचा, "जेवलाव का?"

समोरचा माणूस उत्तर द्यायला तोंड उघडणार, की खटक्!

त्यामुळे आमच्या भागातल्या कुठल्याही घरात जा, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी, व्याही, विहीण, सगळ्यांची तोंडं अर्धवट उघडी. सगळे एकसाथ "व्हय" म्हणताना पकडलेले. कानडी घरचं लग्न असलं तर मामा "ऊटा आयता?" विचारायचा, मुसलमानांच्या शादीत "खाना हुआ?" विचारायचा. मला तर सवयीने नुसते ओठ बघून सांगता येतं, की हा "व्हय" आहे, हा "आयतु" आहे आणि हा "हौ" आहे. "हौ"वाल्यांची तोंडं गोल येतात. लोक आधी चिडायचे, मग अल्बम बघून हसायचे. पण खरं सांगू? त्या फोटोंत माणसं जिवंत दिसतात. कुणीतरी आपली विचारपूस केली की चेहरा जसा होतो, तसा चेहरा.

आता गंमत बघा. सगळ्या जिल्ह्याचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा धड एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता तो गळक्या छताखालच्या कपाटात भिजून गेला. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, तरी मामा सापडायचा नाही. कुणी मोबाइल धरला की हा ओरडायचा, "अरे मागं सरक, उजेड पाठीमागं हाय तुझ्या!" त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये मामा म्हणजे एक हललेला हात आहे. एका फोटोत कोपर, एकात पाठ. सरळ समोरून काढलेला म्हणाल तर फक्त आधार कार्डावरचा, आणि तो दाखवल्यावर बँकेतल्या साहेबाने एकदा खुद्द मामालाच सांगितलं होतं, "या गृहस्थांना सोबत घेऊन या."

गेल्या वर्षीच्या येळवशीला मामा गेला.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी बीदर, गुलबर्गा, लातूरकडची सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असा स्वयंपाक झाडाखाली बसून खातात. शहरं ओस पडतात. मामाचं शेत हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडीला, तिथे धाकटे मामा म्हणजे बसप्पा मामा शेती बघतात. त्या दिवशी अण्णा मामा पंगतीत कॅमेरा घेऊन फिरत होता. "जेवलाव का? जेवलाव का?" करत सगळ्यांचे फोटो काढत होता. शेवटच्या पंगतीला बसतो म्हणाला, पाण्याचा तांब्या घेऊन बांधाकडे गेला आणि तिथेच बसला... तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही लिंगायत, आमच्याकडे पुरतात, त्यामुळे त्याच शेतात, बांधाजवळ, त्याची समाधी केली.

मामी रडली, मग सावरली. पण एक गोष्ट तिच्या घशातून खाली उतरली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची.

"जलमभर दुनियेला जेवलाव का, जेवलाव का म्हणून इचारलं... आन् स्वतः उपाशी गेले बघा. ताट वाढलेलं तसंच ऱ्हायलं."

वर्षभर तिने हेच सांगितलं. पहिल्यांदा येणाऱ्याला सांगितलं, दहाव्यांदा येणाऱ्यालाही सांगितलं. दुधवाल्यालाही सांगितलं. आम्ही समजूत घालून थकलो.

यंदा मामाच्या मुलीचं, गौरीचं, लग्न माघात करायचं ठरलं. आमच्याकडे वडील हयात नसले की लग्नपत्रिकेवर वरच्या बाजूला त्यांचा फोटो छापतात आणि खाली 'यांच्या आशीर्वादाने' असं लिहितात. आता फोटो आणायचा कुठून? आधारचा फोटो मोठा करून बघितला. गौरी बघून म्हणाली, "अक्का, हा माणूस मला आशीर्वाद देईल असं वाटायलंय का तुला? पोलिसात देईल." आणि मग हसता हसता रडायलाच लागली. तिने मामीला सांगून टाकलं, पप्पांचा खरा फोटो नसेल तर पत्रिकाच छापायची नाही, तोंडी आमंत्रण करू. सासरच्यांना हे सांगणार कोण? गुलबर्ग्याचा प्रेसवाला वेगळाच घायकुतीला आला होता. तो म्हणाला, "येळवशीच्या संध्याकाळपर्यंत फोटो मेल करा. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई लागते. न्हाईच आला तर त्या जागी बसवण्णा टाकून मोकळं होतो."

अशा वेळी घरात माझी आठवण होते.

मामीला खात्री होती की मामाचा फोटो आहे. लाइट लावले की ते बरोबर पडतात का बघायला तो स्वतःच कॅमेऱ्यापुढे बसून टायमरवर फोटो काढायचा, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. ते सगळं आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मामा त्याला 'डबा' म्हणायचा. "माझा जीव या डब्यात हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या डब्याचा डिस्प्ले कधीच जळला होता, स्क्रीन लावली तरी काही दिसायचं नाही. पण मामा कंजूष. नवीन कशाला घ्या? तो बाहेरच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसायचा आणि नेटवर्कवरून डब्यातला 'फोटो' नावाचा शेअर्ड फोल्डर उघडून काम करायचा.

शेअर्ड फोल्डर माउंट करणं म्हणजे काय, ते सोप्यात सांगते. सामानाचं कपाट आतल्या खोलीत आहे. आपण बाहेर बसलोय. तर मधल्या भिंतीला दार पाडायचं आणि ते कपाट आपल्या खोलीत उघडायचं. रोज माउसने क्लिक करून हे होतं. पण मशीन रुसलं की काळी खिडकी उघडून हुकूम टाइप करावा लागतो, अमुक पत्त्यावरचं तमुक कपाट इथे उघड. मी दिवसभर हेच करते. माझ्या दृष्टीने हे चहा होईपर्यंतचं काम होतं.

खरं तर मी झाकण खोलून हार्ड डिस्कच काढून घेणार होते. ते सगळ्यात सरळ. पण मामी आडवी आली. डब्याच्या झाकणावर मामाने तो गेला त्या दिवशी सकाळी पूजा करताना ओढलेली विभूतीची तीन बोटं तशीच होती.

"झाकण काढलं की ती पुसली जात्यात सवू. त्यांची बोटं हायेत ती. तुला काय करायचं ते बाहेरून कर, पेचकस लावायचा न्हाई."

मी म्हटलं ठीक आहे, बाहेरून करते. तुझ्या भाचीला काय समजलीस?

येळवशीच्या सकाळी सगळे दुबलगुंडीला निघाले. मामीने पहाटेपासून भज्जीचं भांडं चढवलेलं, अख्ख्या घरात वास... आणि मला एक घास दिला नाही, कारण नैवेद्याच्या आधी कुणी खायचं नसतं. "तू काम उरकून बसनं ये, तवर दुपार व्हतीया," म्हणाली. जीप गेली. नौबादचा मेन रोड सुना पडला, दुकानं बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. मी, एक पोपटी रंगाची प्लास्टिकची खुर्ची आणि तो डबा.

डब्याचं बटन दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा घुंई करत फिरायला लागला. केबलच्या टोकाला बारका दिवा मिचमिचला. म्हणजे मशीन चालू. काउंटरच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून हुकूम दिला. उत्तर आलं, एरर त्रेपन्न, नेटवर्क पाथ सापडत नाही. पत्ता नावाऐवजी आकड्यांत टाकला. पुन्हा त्रेपन्न. म्हटलं विंडोज आहे, याचं असंच असतं. माझा लॅपटॉप काढला, त्यात लिनक्स आहे, तो जरा सरळ बोलतो. आधी नुसती हाक मारून बघितली, म्हणजे पिंग केलं. उत्तर नाही. माउंटचा हुकूम दिला. थोडा थांबला, आणि म्हणाला, 'होस्ट इज डाउन,' म्हणजे समोरचं मशीन बंद आहे.

केबल बदलली. मधला नेटवर्कचा स्विच बदलला, सोबत आणला होता. जुन्या व्हर्जनने प्रयत्न केला, नव्या व्हर्जनने केला. फायरवॉल बंद केली. डब्याला दोनदा बंद करून चालू केलं, एकदा वरून थोपटलं आणि एकदा चांगली थापट मारली. होस्ट इज डाउन. तोवर ऊन चढलं होतं. पोटात कावळे कोकलत होते, आणि डोळ्यांसमोर भज्जी. मी त्या डब्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. गावाकडच्या मंडळींना कल्पना येईल.

मामीचा फोन आला. शेतात रेंज फक्त समाधीजवळच्या तुरीच्या एका ओळीत उभं राहिलं की मिळते, त्यामुळे ती तिथूनच ओरडत होती.

"कामून आली न्हाईस गं अजून? झालं का?"

"नाही ना मामी. उघडतच नाहीये."

"काय म्हणायलंय ते?"

भूक लागली की माझी जीभ सुटते. होस्ट म्हणजे यजमान, मी शब्दाला शब्द मराठी केलं, "म्हणायलंय, यजमान आडवे झालेत."

बोलून गेले आणि जीभ चावली. मग मामी म्हणाली, "ते तर मला ठाव हाय की. त्यासाठी मशीन कशाला पाहिजे?" आणि हसली. मलाही रडू आणि हसू एकदमच आलं. मग तिचं सुरू झालं. सगळी गडबड झालीय, चिलटं फार झालीत, आणि एक मोठा घोटाळा झालाय.

"अगं, समाधीला नैवेद्याचं ताट आणायचं म्हणून सकाळी घाईत उचललं, आन् इथं येऊन बघतो तर गौरीच्या आंदणाचं ताट! परवाच नाव घालून आणलेलं. नवंकोरं. लग्नाच्या आधी वापरू नये म्हणत्यात. आता दुसरं ताट कुठं शोधू रानात? बसप्पा म्हणायलाय, ऱ्हाऊ दे वैनी, बापच हाय की."

"मग ठेव त्यातच," मी म्हटलं. मला तेव्हा ताटाचं काही नव्हतं, ताटातल्या भज्जीचं होतं.

"तसंच करायलेव. थांब, फोन ठेवू नको, रेंज गेली तर पुन्हा लागायची न्हाई."

मागे पोरं शेताभोवती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" ओरडत धावत होती. फोन मामीच्या हातातच होता. मी तो स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळले. वरच्या बाणाचं बटन दाबलं की आधीचाच हुकूम पुन्हा येतो. तो येई, मी एंटर मारी, तो म्हणे होस्ट इज डाउन. पुन्हा बाण, पुन्हा एंटर. चिडलेला माणूस दुसरं काय करणार?

फोनवर मामीचा आवाज बदलला. आता ती माझ्याशी बोलत नव्हती.

"सगळे आलेव बघा. गौरी आलीया. सवू तेवढी तुमच्या त्या डब्यापशी बसलीया, सकाळधरनं उपाशी. गेल्या वर्षी तुमचं ताट तसंच ऱ्हायलं... आज जेवा." मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "जेवलाव का?"

मी बाण दाबला. एंटर मारला.

लिनक्सची एक पद्धत आहे. काम बिघडलं तरच तो बोलतो. झालं तर काही म्हणत नाही, मुकाट्याने पुढची ओळ दाखवतो. त्याने पुढची ओळ दाखवली.

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा बाण दाबायला गेले आणि थांबले. माउंट झालं होतं! मी खुर्चीतून ओरडले, "मामी, उघडलं!" पण फोन कट झाला होता.

फोल्डरमध्ये हजारो फोटो असतील असं मी धरून चालले होते. गावाचं नाव, लग्नघराचं नाव अशी मामाची ओळीने मांडणी असायची. आत एकच फाइल होती. मी ती आधी लॅपटॉपवर ओढून घेतली, कारण अशा वेळी आधी कॉपी करायचं, विचार मग करायचा. उघडली.

मामा होता. सरळ समोरून. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, मांडीवर ताट, मागे रानातलं ऊन. आणि तोंड अर्धवट उघडं. कुणाला तरी "व्हय" म्हणताना पकडलेला.

मी तिथे काउंटरवर डोकं ठेवून रडले, लपवत नाही. मग नाक पुसलं, चेहऱ्याभोवती चौकोन कापला आणि प्रेसवाल्याला मेल केला. त्याचं लगेच उत्तर आलं, "फोटो फर्स्ट क्लास आहे, बसवण्णा काढतो." मग बाकीचे फोटो शोधायला परत फोल्डरकडे गेले, तर खिडकी गोठलेली. पुन्हा हुकूम दिला. होस्ट इज डाउन. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याने दुसरं काही म्हटलं नाही.

दिवस मावळायच्या सुमारास सगळे परत आले. मला डबाभर भज्जी, आंबील, उंडे. मी उभ्यानेच खायला लागले आणि काउंटरच्या स्क्रीनवर न कापलेला, पुरा फोटो लावून दिला. गौरीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मामी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली आणि नुसती बघत राहिली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही.

मी म्हटलं, "मामी, आत अजून पुष्कळ असतील. आता तरी झाकण काढू दे. डिस्क हैदराबादला नेऊन सगळे काढून आणते."

तिने स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "काढ."

मला अपेक्षित नव्हतं. ती विचार बदलायच्या आत मी पेचकस घेतला. झाकण अलगद काढलं, तरी विभूतीचं एक बोट पुसलं गेलंच. आत बघितलं. पंखा होता, पत्र्याची जाळी होती, धूळ होती. हार्ड डिस्क नव्हती. तिची खाच रिकामी होती, दोन्ही वायरी लोंबत होत्या, आणि त्यांच्या टोकांवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

डिस्क नसली तरी बटन दाबल्यावर पंखा फिरतो. दिवाही लागतो. केबलचा बारका दिवाही मिचमिचतो. हे मला त्याच वेळी सुचायला हवं होतं, नाही सुचलं. पण ज्या मशीनला डिस्कच नाही, ते फोल्डर कुठून उघडून देणार?

"डिस्क कुणी काढली?" मी असं विचारलं की सगळे दचकले.

बसप्पा मामा दाराशी चहा घेऊन उभे होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "ते... काळं, चपटं, जड डबडं असतंय का? रुमालात बांधलेलं?"

"हो! कुठाय?"

"अण्णानं गेल्या येळवशीला खिशात आणलं व्हतं. टकटक आवाज करायलंय म्हणून दुसऱ्या दिवशी हैदराबादला दाखवणार व्हता. मला म्हणाला, बसप्पा, माझा जीव याच्यात हाय, सांभाळून." ते मामीकडे बघेनात. "न्हाऊ घालताना बंडीच्या खिशात सापडलं. म्या म्हटलं, ज्याच्यात अण्णाचा जीव, ते अण्णापशीच असावं. लिंगाच्या बाजूला, उजव्या हाताशी ठेवून दिलं. लोक हसतील म्हणून कुणाला बोललो न्हाई, वैनी."

म्हणजे ज्या डिस्कमधला फोल्डर मी नौबादला माउंट केला, ती वर्षभरापासून दुबलगुंडीच्या मातीत होती. मामाच्या हाताशी. विजेशिवाय, वायरीशिवाय.

मी लगेच सुरू झाले. कॅशमध्ये, म्हणजे लॅपटॉपने आधीच साठवून ठेवलेल्यात, असेल. पण माझा लॅपटॉप त्या स्टुडिओत पहिल्यांदाच आला होता. शेजारच्या कुणाचा तरी त्याच पत्त्याचा कॉम्प्युटर असेल. पण शेजारी सगळं बंद होतं, आणि काउंटरच्या कॉम्प्युटरची काढून मी लॅपटॉपला लावलेली केबल त्या डब्याशिवाय कुठेही जात नव्हती. मी बोलत होते, हात हलवत होते, फाइलची माहिती उघडून दाखवत होते. तारीख कोरी, कॅमेऱ्याचं नाव कोरं. बसप्पा मामा बिचारे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, एक अक्षर न कळता.

"आणि फोटो गेल्या येळवशीचा असणार," मी म्हटलं. "मागे रान दिसतंय. मांडीवर ताट आहे."

"गेल्या येळवशीला ते जेवलेच न्हाईत," मामी म्हणाली. त्या अख्ख्या संध्याकाळचं तिचं पहिलं लांब वाक्य. "मग हे कवाचं जेवायलेत?"

"त्याच्या आधीच्या कुठल्या तरी..."

"सवू. ताट बघ."

मी चेहरा कापण्याच्या घाईत ताटाकडे बघितलंच नव्हतं. गौरीने माउस घेतला आणि फोटो मोठा केला. नवंकोरं स्टीलचं ताट, ऊन पडून चकाकणारं. त्यात भज्जी, उंडा आणि खीर, अर्धी खाल्लेली. ताटाच्या काठावर यंत्राने कोरलेली अक्षरं. ती वाचायला आम्ही तिघी इतक्या पुढे वाकलो की डोकी एकमेकींना लागली.

'चि. सौ. कां. गौरी हिस, पप्पा-मम्मीकडून.'

परवाच नाव घातलेलं ताट.

मग गौरी म्हणाली, "पप्पा माझ्याच ताटात जेवलेत की."

मी ते ताट मागवून बघितलं. मामीने समाधीवरून उचलून धुऊन पिशवीत आणलं होतं. नैवेद्य गाईला घातला होता. तेच ताट, तीच अक्षरं.

लग्न छान झालं. पत्रिका हातात घेतलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, अण्णा आता काहीतरी बोलतील असं वाटायलंय. मी परत हैदराबादला आले. डिस्कसाठी समाधी उकरायची का, असं एकदा मी विचारून बघितलं, तर मामीने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. हा प्रकार मी ऑफिसात माझ्या एका सीनियरला सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केबल चेक केली होती?" त्याच्याशी मी आता बोलत नाही. आणि हो, एखादा फोल्डर माउंट होत नसला की मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याला हळूच "जेवलाव का?" विचारते. आजवर त्याने काही फरक पडलेला नाही. वायर सैल असते, नाहीतर सेटिंग चुकलेलं असतं.

म्हणजे उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. फोटो कुणी काढला, कसा आला, मी कशाला जोडले गेले होते... काही नाही. परवा नौबादला गेले होते. काउंटरवर मामाचा तो फोटो लावलाय. मी बसले असताना एक लांबची पाहुणी बाई आली, ती मामाच्या पश्चात पहिल्यांदाच भेटत होती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ऐकलं बाई, उपाशीच गेले म्हणं."

मामी तिच्यासाठी चहा ओतत होती. "न्हाई," ती म्हणाली. "जेवलेत. जरा उशीर झाला एवढंच."